कणा ताणण्याची साधने

पाठीचा कणा ताणण्याच्या साधनांचा इतिहास प्राचीन ग्रीसपर्यंत जातो. हिपोक्रॅटिसच्या नावावरील सांध्यांविषयीच्या ग्रंथात रुग्णाला शिडीला बांधून उंचावरून सोडण्याची रीत वर्णिली आहे. कुबड खालच्या भागात असल्यास डोके खाली ठेवत. ग्रंथकाराला मात्र ही रीत गर्दीला थक्क करण्यापुरतीच वाटे. त्याची पसंती लाकडी बाकाला होती: रुग्णाला पालथे झोपवून पट्टे दोन्ही टोकांना ताणायचे आणि कुबडावर तळहातांनी दाब द्यायचा.

विसाव्या शतकात घोट्यांना अडकवून उलटे लटकण्याचे बूट आले. 1980च्या ‘अमेरिकन जिगोलो’ चित्रपटाने ते गाजवले. आसावर फिरणाऱ्या आजच्या टेबलात घोटे पकडीत राहतात आणि कलाचा कोन हळूहळू वाढवता येतो. उलटे होताच डोळ्यांतील दाब वाढतो. म्हणून काचबिंदू किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी ते टाळावे.