'बहिष्कार' की 'तर्के मवालात'? : खिलाफत काळातील विलायती कापडाचा प्रश्न

नोव्हेंबर १९१९ मध्ये दिल्लीच्या खिलाफत परिषदेत मौलाना हसरत मोहानी यांनी ब्रिटिश मालावर बहिष्काराचा प्रस्ताव आग्रहाने मांडला. तो नुसता वक्तृत्वाचा आवेश नव्हता. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगवास भोगल्यानंतर या शायराने अलीगढमध्ये स्वदेशी मालाचे दुकान चालविले होते. गांधीजींनी मात्र प्रस्ताव अव्यवहार्य ठरविला. त्यांना सुचलेल्या पर्यायासाठी योग्य उर्दू वा हिंदी शब्द सापडेना, म्हणून त्यांनी इंग्रजीतला 'नॉन-कोऑपरेशन' हाच शब्द वापरला, असे ते आत्मकथेत सांगतात.

भाषेच्या अध्यापकाला येथे थोडे थांबावेसे वाटते. 'बॉयकॉट' हे आयर्लंडमधील एका इस्टेट-व्यवस्थापकाचे आडनाव. १८८० मध्ये कुळांनी त्याच्याशी व्यवहार तोडले आणि नावाचे क्रियापद झाले. मराठीत 'बहिष्कार' शब्द आधीपासून होता, पण तो जातीतून वाळीत टाकण्याचा. लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत आल्यावर त्याला राजकीय अर्थ मिळाला. जुना वास मात्र पूर्णपणे गेला नाही. उर्दूत १९२० मध्ये उलेमांनी रूढ केलेला शब्द होता 'तर्के मवालात', म्हणजे स्नेहसंबंधांचा त्याग. एकात दुसऱ्याला बाहेर काढणे आहे, दुसऱ्यात आपण स्वतः हात आखडून घेणे आहे. माझ्या मते चळवळीतील बराच गोंधळ या दोन कल्पनांच्या सरमिसळीतून झाला.

जुलै १९२१ मध्ये मुंबईत काँग्रेस महासमितीने विदेशी कापडाच्या संपूर्ण बहिष्काराचा ठराव केला. जमा झालेले कापड जाळावे की देशाबाहेर वापरासाठी पाठवावे, हे मालकांच्या इच्छेवर सोडले. ३१ जुलैला परळ येथे उमर सोबानी यांच्या गिरणीच्या आवारात मोठी होळी झाली. सोबानी स्वतः गिरणीमालक होते, हे विसरू नये. खिलाफत कार्यकर्त्यांपैकी अनेकांना मात्र कापड जाळण्याऐवजी तुर्कस्तानातील गरजूंना पाठवावेसे वाटत होते. पुढे स्वामी श्रद्धानंदांनी याबद्दल नाराजी नोंदविली. सतराव्या शतकात तॅव्हर्निये या प्रवाशाने बुऱ्हाणपूरचे झिरझिरीत कापड इराण व तुर्कस्तानपर्यंत जाते असे लिहिले होते. त्याच तुर्कस्तानसाठी आता मँचेस्टरचे उतरवलेले कपडे गोळा होत होते.

परिणाम मोठा झाला. विदेशी कापडाची आयात १९२०-२१ मधील १०२ कोटी रुपयांवरून १९२१-२२ मध्ये ५७ कोटींवर आली. या घटीमागे विनिमय दर व व्यापारातील मंदीही होती, तरी चळवळीचा वाटा नाकारता येत नाही.

मालेगावात याच काळात बहिष्काराची दुसरी बाजू दिसली. खिलाफत निधीला वर्गणी न देणाऱ्या मोमीन विणकरांवर त्यांच्याच बिरादरीने बहिष्कार घातला. एप्रिल १९२१ मध्ये तणाव विकोपाला जाऊन जमावाने पोलीस सब-इन्स्पेक्टरला ठार केले. नंतर काहींना फाशी झाली. गांधीजींनी या हिंसेचा निषेध केला. ही 'तर्के मवालात' नव्हती; तो जुन्या अर्थाचा बहिष्कारच होता.

आपल्या बुऱ्हाणपूरसारख्या विणकरांच्या गावांची खरी अडचण सुताची होती. वरवर पाहता विलायती कापड बंद झाले की हातमागाला मागणी वाढावी. पण हातमागावर तोवर गिरणीचेच सूत चालत होते, आणि साडी-पागोट्यांसाठी लागणारे बारीक नंबरचे सूत बरेचसे बाहेरूनच येई. १९०६ मध्ये स्थापन झालेली ताप्ती मिल गावातच होती. तरी देशी गिरणीचे सूतही खादीच्या व्याख्येत बसत नव्हते. चरख्यावरचे जाडेभरडे सूत ताण्याला टिकत नाही, तुटते, आणि विणकराची मजुरी तर वारावर. पिढ्यान्‌पिढ्या माग चालविणाऱ्याचे कापड अशा रीतीने निम्मे स्वदेशी ठरले. १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला, तेव्हाही त्याने मान्यता दिली ती हातसुताच्याच कापडाला.