तुझी कोण लागत होती ती?

स्मरणिकेसाठी मी 'संगणक क्षेत्रातील तीस वर्षे' या विषयावर लिहावं, असं समितीने सुचवलं होतं. दीड पान लिहून झालं आणि कंटाळा आला. मलाच आला, तर तुम्हाला किती येईल! म्हणून विषय बदलला आहे, समितीने माफ करावं. ज्यांना आपण कधी भेटलो नाही, फक्त पेपरात, रेडिओवर, पडद्यावर ओळखलं, त्यांच्या मरणाने आपल्या घरात कुणीतरी रडतं. का रडतं, आणि हे कधीपासून सुरू झालं, याबद्दल लिहिते आहे.

सुरुवात आपल्याच वर्गापासून करते. ५ एप्रिल १९९३ च्या रात्री दिव्या भारती मुंबईत वर्सोव्याच्या घराच्या खिडकीतून पाचव्या मजल्यावरून पडून गेली. वय १९. आपली आठवीची परीक्षा तोंडावर होती. मौद्यात पेपर नागपूरच्या बसने यायचा, त्यामुळे बातमीही बसनेच आली. मधल्या सुट्टीनंतर मागच्या बाकावरचा आपला 'लक्ष्या' डोकं खाली घालून रडत होता. ('लक्ष्या' का, ते तुम्हाला सांगायला नको. त्याचं खरं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही.) त्याच्या कंपासपेटीत 'दीवाना'तला तिचा फोटो होता. सरांनी विचारलं, "काय रे, तुझी कोण लागत होती ती?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. सर, तुम्ही हे वाचत असाल तर रागावू नका. तुमचा प्रश्न अगदी योग्य होता, एवढंच की मला त्याचं उत्तर शोधायला तीस वर्षं लागली.

आपल्याकडे दुःखाचा हिशेब नात्यावर चालायचा. सुतक कुणाला दहा दिवसांचं, कुणाला तीन दिवसांचं, हे भाऊकी ठरवायची. खांदा कुणी द्यायचा, पाणी कुणी पाजायचं, सगळं ठरलेलं. त्यात 'न भेटलेला माणूस' हा रकानाच नव्हता. तो रकाना छापखान्याने आणि तारयंत्राने तयार केला. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० च्या पहाटे मुंबईत सरदारगृहात गेले आणि गिरगाव चौपाटीपर्यंत माणसांचा समुद्र लोटला. त्यातल्या बहुतेकांनी टिळकांशी एक शब्दही बोललेला नसणार. त्यांनी 'केसरी' वाचला होता किंवा दुसऱ्याने वाचलेला ऐकला होता. गांधीजींनी तिरडीला खांदा दिला. ना भाऊकीतले, ना जातीतले, ना मराठी. खांद्याचा जुना नियम तिथे सर्वांसमोर मोडला गेला.

पण आपल्या भागात या गोष्टीचं खरं वर्ष १९५६ आहे. १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, दिल्लीत अलीपूर रोडवरच्या घरी त्यांचं निधन झालं. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीची आजी त्या दीक्षेला गेली होती. भंडारा रोडने पायी, पांढरं लुगडं नेसून, पदरात भाकरी बांधून. आजी सांगायची, बाबा इतके लांब होते की पांढऱ्या ठिपक्याएवढे दिसले. आवाज मात्र भोंग्यातून कानाशी आला. मग डिसेंबरात बातमी आली तेव्हा वस्तीत चूल पेटली नाही. बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, जसं बाप गेल्यावर रडतात. ७ डिसेंबरला मुंबईत दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. आचार्य अत्रे तिथे बोलले, आणि भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्या चितेसमोर जमलेल्या लोकांना दीक्षा दिली. शोक करायला आलेली माणसं धर्म बदलून परत गेली, असा प्रसंग जगात दुसरा असेल तर मला माहीत नाही. बाबासाहेबांच्या बाबतीत 'प्रसिद्ध व्यक्ती' हा शब्दच थिटा पडतो. पण आजीला "तुमचे कोण लागत होते?" असं विचारायची हिंमत कुणाला झाली नसती, आणि ती एका ठिपक्यासाठी रडली होती, हेही खरं. दरवर्षी ६ डिसेंबरला नागपूरहून मुंबईला जाणाऱ्या गाड्या पाहिल्या की कळतं, ते रडणं अजून संपलेलं नाही. आता ती बाई नाही, तिची पणती जाते.

योगायोग असा, की त्याच १९५६ साली अमेरिकेत डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी या नात्याला 'पॅरासोशल' असं नाव दिलं. रेडिओ-टीव्हीवरचा माणूस आपल्याला ओळखत नाही, पण आपण त्याला ओळखतो, एकतर्फी ओळख. इंजिनिअर असल्याने मला अशी नावं आवडतात. पण ते दोघं टीव्हीवरच्या सूत्रधारांबद्दल लिहीत होते. आजीची ओळख एकतर्फी नव्हती. तिला न भेटताही तिच्यासाठी कुणी काय केलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शाळेतलं आपलं दुखवट्याचं शिक्षण मात्र वेगळंच होतं. दोन मिनिटं मौन. हे मौन मुळात आपलं नाही. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी ११ नोव्हेंबर १९१९ ला इंग्रजांच्या साम्राज्यात सकाळी ११ वाजता ते पहिल्यांदा पाळलं गेलं, आणि फिरत फिरत आपल्या पटांगणावर आलं. आपल्याकडे शोक मोठ्याने करायचा, हंबरडा फोडायचा. गप्प उभं राहायचं म्हटलं की आपल्याला हसू यायचं. कोणता नेता गेला ते मला आठवत नाही. एका मुलीची उचकी आणि नंतरची सुट्टी आठवते. पण मौन पाळावं ते मोझरीला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गेले. अजून दरवर्षी पुण्यतिथीला बरोबर ४.५८ ला गुरुकुंजात लाखोंचा समुदाय निःशब्द उभा राहतो. वडिलांनी एकदा नेलं होतं. एवढ्या गर्दीत फक्त पाखरांचा आवाज येत होता आणि मला हसू आलं नाही.

आता आईची गोष्ट. १३ डिसेंबर १९८६ ला स्मिता पाटील गेली. ३१ वर्षांची होती, मुलगा झाल्याला पुरते पंधरा-सोळा दिवस झाले होते. मी तेव्हा सहा वर्षांची. आईने शेजारच्यांच्या टीव्हीवर तिचा एखाद-दुसरा सिनेमा पाहिला असेल, 'उंबरठा' नक्की पाहिला होता. रेडिओवर बातमी ऐकली आणि आई चुलीपुढे बसून रडायला लागली. ते साधं रडणं नव्हतं. भाजी करपली, तरी तिला कळलं नाही. बाबा घाबरून म्हणाले, "कोन लागत होती वं ते तुही?" आईने उत्तर दिलं नाही. पदर तोंडात धरून रडत राहिली. मला वाटलं, आपल्याच घरातलं कुणी गेलं.

गेलंच होतं, पण तीन वर्षांपूर्वी. माझी मावशी, आईची पाठची बहीण, बाळंतपणात गेली तेव्हा माझा भाऊ नऊ दिवसांचा होता. ओल्या बाळंतिणीला कोण जाऊ देणार? माहेर चार तासांवर. आईला तर ती गेल्याचं आठवडाभर सांगितलंच नाही, दूध आटेल म्हणून. आणि सांगितल्यावरही रडू दिलं नाही, त्याच कारणासाठी. हे मला ती अगदी उशिरा बोलली, माझ्या पहिल्या मुलीच्या वेळी. म्हणाली, "स्मिता पाटील मेली थे बरं झालं, असं म्हनू नाही, पन मले रडता आलं."

त्या एका सिनेमाशी जोडलेली किती माणसं पुढे गेली बघा. 'उंबरठा'साठी गझल लिहिणारे सुरेश भट १४ मार्च २००३ ला आपल्या नागपुरात गेले. ती गाणाऱ्या लताबाई गेल्या त्या दिवसाबद्दल पुढे लिहिते.

त्याआधी लक्ष्या. १६ डिसेंबर २००४ ला लक्ष्मीकांत बेर्डे गेले, वय ५०. आपल्या पिढीला त्यांनी गणपतीत पडद्यावर आणि भाड्याच्या व्हीसीआरवर जेवढं हसवलं, तेवढं कुणीच हसवलं नसेल. नववीच्या गॅदरिंगला आपल्या लक्ष्याने ताईची साडी नेसून 'अशी ही बनवाबनवी'तली पार्वती केली होती, ती आठवते ना? मुख्याध्यापकांना हसून ठसका लागला होता. दहावीनंतर त्याने बस स्टँडजवळ दुकान टाकलं, आधी एसटीडी, मग मोबाइल रिचार्ज. मी पुण्यात नोकरीला होते. त्या दिवशी त्याचा फोन आला. "लक्ष्या गेला ना वं," एवढंच म्हणाला. मी मीटिंगमध्ये होते. म्हटलं, "हो रे, वाईट झालं, नंतर बोलते." नंतर बोलले नाही. तो मला बातमी देत नव्हता, बातमी तर टीव्हीवर होती. तो मला भेटायला आला होता, जसं घरात कुणी गेल्यावर भेटायला जातात.

(आमच्या क्षेत्रात एक उलटा अनुभव आला. ऑक्टोबर २०११ मध्ये ५ तारखेला स्टीव्ह जॉब्स गेले, तर ऑफिसात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. त्याच महिन्यात ज्यांच्या 'सी' भाषेवर आमचं सगळं घर उभं आहे ते डेनिस रिची गेले. माझ्या टीममध्ये एकाने मान वर करून "कोण?" असं विचारलं.)

६ फेब्रुवारी २०२२, रविवार. सकाळी लताबाई गेल्या. आपला ग्रुप दिवसभर वाजत होता. गाण्यांच्या लिंक, जुने फोटो, कुणाच्या आईला कोणतं गाणं आवडायचं. मीही दोन गाणी टाकली. संध्याकाळी टीव्हीवर शिवाजी पार्कवरचे अंत्यसंस्कार बघत मी मोबाइल वर सरकवत होते, तेव्हा दुपारचा एक मेसेज दिसला. आपला लक्ष्या आदल्या रात्री गेला होता. घरीच, झोपेत, ४२ व्या वर्षी. "आज २ वाजता, कन्हान घाट." त्याच्या खाली लगेच एक गाणं होतं.

हा लेख लिहिण्याआधी मी त्या दिवसाचं चॅट एक्स्पोर्ट करून मोजलं. सवय आहे. १४३ मेसेज. त्यातले त्याच्याबद्दल पाच, आणि पाचातले तीन हात जोडलेले. तिसरे हात माझे. लताबाईंसाठी मी सकाळी खरंच रडले होते. २०१९ साली आई गेली, तेव्हा पोचायला उशीर झाला होता, ते रडणं कदाचित तेव्हा निघालं असेल. पण घाटावर आपल्यापैकी फक्त दोघं होते. ते दोघं या स्मरणिकेत काहीही लिहीत नाहीत.

मागच्या दिवाळीत मौद्याला आले तेव्हा दुकानात गेले. त्याची बायको चालवते. काउंटरच्या मागे लक्ष्मीकांत बेर्डेंचा फोटो, २००४ पासूनचा, हार वाळलेला. शेजारी याचा, हार ताजा. मी काही बोलायच्या आधीच रडायला लागले, दुकानात गिऱ्हाईक असताना. ती बिचारी गोंधळली, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि हळूच विचारलं, "ताई, तुम्ही यांच्या कोण?" मी म्हटलं, वर्गातली. तिने लगेच स्टूल पुढे ओढलं. शाळेतलं काही सांगा म्हणाली. तो शाळेचं खूप बोलायचा, पण पोरांना पुरावा हवा असतो. माझ्या मोबाइलमध्ये गॅदरिंगचा तो फोटो होता, हिरवी साडी, केसांत मोगरा, पदर कमरेला खोचलेला. तिने तो कधी पाहिला नव्हता. आधी ओळखलंच नाही. मग ओळखलं, आणि इतकी हसली की आतून पोरगा धावत आला, काय झालं म्हणून.