ताळा कोणी घ्यायचा? डेस्कटॉप प्रोसेसर, सर्व्हर प्रोसेसर आणि २००३ साल



आजचा विषय वरकरणी दुकानदारीचा वाटेल. एखाद्या पतपेढीला, शाळेला किंवा छोट्या कारखान्याला सर्व्हर घ्यायचा असतो. पुरवठादार दोन कोटेशनं देतो. एकात डेस्कटॉपचा प्रोसेसर असतो, दुसऱ्यात सर्व्हरचा. कागदावरचे गिगाहर्ट्‌झ बघितले तर डेस्कटॉपवाला पुष्कळदा सरस, वर स्वस्तही. मग आपण विचारतो, दुसऱ्याला जादा पैसे मोजायचे ते कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर किंमतपत्रकात सापडत नाही. ते इतिहासात सापडतं, म्हणून आज आपण इतिहासाकडे जाऊ.

सुरुवात शाळेतल्या गणितापासून करू. पूर्वी गुणाकार केला की नवाचा ताळा घ्यायला लावत. ताळा जुळला नाही तर उत्तर चुकलं हे नक्की. पण कुठे चुकलं, हे काही ताळा सांगत नाही. पुन्हा पहिल्यापासून गुणाकार करायचा. संगणकाच्या मेमरीतही अगदी असाच ताळा असतो, त्याला पॅरिटी म्हणतात. दर आठ बिटांमागे नववा बिट ठेवायचा आणि त्यावरून एखादा बिट उलटला का ते ओळखायचं. चूक कळते, जागा कळत नाही.

१९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती होते. शनिवार-रविवारी ते आपलं काम रिले यंत्रावर लावून जात. यंत्राला चूक सापडली की ते काम सोडून पुढचं काम घेई, आणि सोमवारी हॅमिंग रिकाम्या हाताने परत येत. वैतागून त्यांनी स्वतःलाच विचारलं, यंत्राला चूक झाली हे कळतं, मग ती कुठे झाली हे का कळू नये? त्यातून १९५० साली चूक शोधून दुरुस्तही करणारी संकेतपद्धती प्रसिद्ध झाली. पुढे सर्व्हरच्या मेमरीत ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवू लागले, ते याच घराण्यातले. एक बिट उलटला तर ते जागच्या जागी सुधारतात, दोन उलटले तर निदान ओरडून सांगतात. या सोयीला आपण ईसीसी म्हणतो.

आता कुणी म्हणेल, बिट उलटतोच कशाला? १९७८ साली इंटेलच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की चिपच्या वेष्टनात अत्यल्प प्रमाणात असलेल्या किरणोत्सारी द्रव्यातून निघणारा अल्फा कण मेमरीतला बिट पालटू शकतो. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या संशोधकांनी अवकाशातून येणाऱ्या किरणांकडेही बोट दाखवलं. यात यंत्र बिघडत नाही बरं का. चिप ठणठणीत असते, फक्त तिच्यातला एक आकडा बदललेला असतो. म्हणून तपासायला गेलं तर काहीच सापडत नाही.

हे सगळं तेव्हा ठाऊक होतं, आणि १९८१ सालच्या आयबीएम पीसीत नववा बिट होता. म्हणजे टेबलावरच्या साध्या संगणकालाही ताळा घेता येत होता. चूक सापडली तर यंत्र थांबायचं, लोक वैतागायचे, पण खोटं उत्तर छापून यायचं नाही. १९९० नंतर पीसी स्वस्त करायची चढाओढ लागली आणि त्यात या नवव्या बिटाचा बळी गेला. १९९५ सालच्या इंटेलच्या ‘ट्रायटन’ चिपसेटमध्ये पॅरिटीची सोयच नव्हती. ग्राहकाला फरक कळला नाही, कारण न दिसणाऱ्या चुकीची तक्रार कोण करणार?

मग १९९८ साल आलं. जूनमध्ये इंटेलने पेंटियम-दोन झिऑन आणला. आतला गाभा डेस्कटॉपच्या पेंटियम-दोनचाच. मात्र त्याची कॅशे पूर्ण वेगाने चालायची आणि एका बोर्डवर चार प्रोसेसर बसवता यायचे. किंमत अर्थातच बरीच वरची. त्याच वर्षी खालच्या टोकाला स्वस्त सेलेरॉन आला. एकाच गाभ्याचे असे वेगवेगळ्या दरांचे माल झाले. त्यातली कोणती भिंत अभियांत्रिकीची आणि कोणती व्यापाराची, हे लोकांनी लवकरच ओळखलं. १९९९ साली ‘अबिट’ कंपनीच्या बीपी-६ या मदरबोर्डवर दोन सेलेरॉन शेजारी शेजारी बसवून हौशी मंडळी चालवू लागली. सेलेरॉन काही त्यासाठी विकला जात नव्हता, पण तो चालला.

याच काळात दुसरा एक विचार जोर धरत होता. १९९४ साली नासाच्या गॉडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी इंटेलचे १६ साधे डीएक्स-४ प्रोसेसर इथरनेटने जोडून एक संगणक उभा केला, नाव ठेवलं बेवुल्फ. महाग यंत्र एक घेण्यापेक्षा स्वस्त यंत्रं पुष्कळ घ्यावीत, असा तो विचार. गूगलने त्यावरच आपला कारभार उभारला. त्यांच्या अभियंत्यांनी २००३ साली एक हिशेब प्रसिद्ध केला होता. साध्या यंत्रांचं एक रॅक, त्यात १७६ प्रोसेसर, किंमत सुमारे २ लाख ७८ हजार डॉलर. त्याच्यासमोर ८ प्रोसेसरचा एक भारी सर्व्हर, किंमत सुमारे ७ लाख ५८ हजार डॉलर. एखादं यंत्र मेलं तर मरू द्या, सॉफ्टवेअर सांभाळून घेईल, ही त्यांची भूमिका. तेव्हा त्यांच्याकडे अशी १५ हजारांहून अधिक यंत्रं होती.

पण यंत्र मरणं वेगळं आणि यंत्र खोटं बोलणं वेगळं. गूगलच्या सुरुवातीच्या यंत्रांत पॅरिटीसुद्धा नव्हती. त्यांचे अभियंते जेफ डीन यांनी नंतर एका व्याख्यानात सांगितलं, की मोठी यादी क्रमाने लावायला दिली की ती बहुतेक क्रमाने लागायची. पुन्हा लावली की पुन्हा बहुतेकच लागायची, पण चुका वेगळ्या ठिकाणी. शेवटी त्यांना फाइलींच्या पातळीवर सॉफ्टवेअरमध्येच ताळा घालावा लागला. म्हणजे बघा, हार्डवेअरचे पैसे वाचले, पण ताळा चुकला नाही. तो फक्त दुसऱ्याच्या अंगावर पडला. आणि गूगलकडे तो अंगावर घेणारे अभियंते होते, हे विसरू नका.

आता आपण २००३ सालावर थोडं थांबू, कारण त्या एका वर्षात हा प्रश्न तीन ठिकाणी उघडा पडला.

पहिलं ठिकाण बेल्जियम. १८ मे २००३ रोजी तिथे निवडणूक झाली. ब्रुसेल्सजवळच्या स्खारबेक इथे एका उमेदवाराला मिळू शकतील त्यापेक्षा जास्त मतं यंत्राने दाखवली. फेरमोजणीत फरक निघाला नेमका ४०९६ मतांचा. दोनचा बारावा घात. म्हणजे एका आकड्यातला एकच बिट उलटला होता. प्रोग्राममध्ये दोष सापडला नाही, तेव्हा मेमरीतला बिट आपोआप पालटला असावा असा निष्कर्ष निघाला. ही चूक सापडली ती आकडा अशक्य होता म्हणून. फरक ४०९६ ऐवजी १६ मतांचा असता तर? कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

दुसरं ठिकाण अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ. प्राध्यापक श्रीनिधी वरदराजन यांच्या पुढाकाराने तिथे ॲपलचे ११०० पॉवर मॅक जी-५ संगणक आणले गेले. दुकानात मिळणारे डेस्कटॉप, प्रत्येकात दोन प्रोसेसर. विद्यार्थी स्वयंसेवकांनी ते रचून जोडले. खर्च सुमारे ५२ लाख डॉलर. नोव्हेंबर २००३ च्या जागतिक यादीत या ‘सिस्टिम एक्स’ने १०.२८ टेराफ्लॉप वेगाने तिसरा क्रमांक पटकावला आणि जग चकित झालं. जी-५ मधला पॉवरपीसी ९७० हा प्रोसेसर आयबीएमच्या पॉवर-४ या सर्व्हर प्रोसेसरवरून घडवलेला होता. आपल्या पुण्याच्या सी-डॅकने त्याच सुमारास बेंगळुरूला उभारलेला ‘परम पद्म’ पॉवर-४ वरच चालत होता. एकाच घरातले दोन भाऊ, एक सर्व्हरमध्ये लागला, दुसरा डेस्कटॉपमध्ये. वेगात डेस्कटॉपवाला मुळीच कमी नव्हता.

उणीव होती ती ताळ्याची. पॉवर मॅकच्या मेमरीला ईसीसी नव्हतं. इथे एक छोटं गणित करू. समजा, एका यंत्रात तीन वर्षांतून एकदा एखादा बिट उलटतो. घरी वापरणाऱ्याला ते जाणवणारही नाही. पण तीन वर्षं म्हणजे जवळपास ११०० दिवस, आणि यंत्रं आहेत ११००. म्हणजे सरासरी रोज एक बिट उलटणार, आणि कुठल्या यंत्रात ते कळणार नाही. मग चार दिवस चालणाऱ्या गणिताच्या उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा? एक तर तेच गणित दोनदा करा, नाहीतर प्रत्येक प्रोग्राममध्ये स्वतःचा ताळा लिहा.

तिसरं ठिकाण, त्याच यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेलं लॉस अलामॉसचं ‘एएससीआय क्यू’. हे अस्सल सर्व्हरचं यंत्र, अल्फा प्रोसेसरचं. गाव उंचावर, सुमारे २२०० मीटरवर, त्यामुळे अवकाशकिरणांचा मारा जास्त. त्याच्या कॅशेच्या एका भागात नुसती पॅरिटी होती, दुरुस्तीची सोय नव्हती. परिणाम असा, की यंत्रातले सर्व्हर अपेक्षेपेक्षा जास्त वेळा बंद पडू लागले. लोक हैराण झाले खरे. पण ते बंद पडत होते, म्हणूनच संशोधकांना चुका मोजता आल्या आणि कारण शोधता आलं.

हा फरक नीट लक्षात घ्या. सर्व्हरचं यंत्र चुकत नाही, असं नाही. ते चुकलं की सांगतं. डेस्कटॉपचं यंत्र चुकतं आणि हसतमुखाने उत्तर देतं. जादा पैसे आपण मोजतो ते प्रामुख्याने या सांगण्याचे.

पुढे काय झालं तेही बघू. व्हर्जिनिया टेकने २००४ साली सगळे डेस्कटॉप काढले आणि त्यांच्या जागी ॲपलचेच एक्ससर्व्ह हे सर्व्हर बसवले. प्रोसेसर त्याच घराण्यातला, मेमरी मात्र ईसीसीची. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने उभारलेला ‘एका’ ११७.९ टेराफ्लॉप वेगाने जगात चौथा आला. तोही बेवुल्फच्याच विचाराने जोडलेला होता, पण त्यात झिऑन प्रोसेसर होते. पुष्कळ यंत्रं जोडायची कल्पना जिंकली, त्यात डेस्कटॉपची मेमरी वापरायची कल्पना हरली. आणि गूगल? २००९ साली त्यांच्याच यंत्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात सुमारे एकतृतीयांश यंत्रांत आणि आठ टक्क्यांहून अधिक मेमरी-पट्ट्यांत निदान एक तरी दुरुस्त होणारी चूक नोंदली गेली होती. ही नोंद झाली, कारण तोवर त्या यंत्रांत ईसीसी आलं होतं.

पण व्यापाराची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही सर्व्हर विकणाऱ्यांची जाहिरात करतोय असं वाटेल. ईसीसी ही काही महागडी जादू नाही. थोड्या जास्तीच्या चिपा आणि थोडी जास्तीची जुळणी, एवढंच. तरीही इंटेलने बराच काळ आपल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ती बंद ठेवली आणि झिऑनसाठी राखली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्‌स यांनी २०२१ च्या जानेवारीत या धोरणावर कडक शब्दांत टीका केली. एएमडीने २०१७ पासून रायझेन या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ही सोय पुष्कळ ठिकाणी खुली ठेवली, मात्र मदरबोर्डने साथ दिली तरच ती चालते. म्हणजे ‘डेस्कटॉप’ आणि ‘सर्व्हर’ ही निसर्गाने आखलेली हद्द नाही. ती माणसांनी आखली, काही गरजेने आणि काही नफ्यासाठी.

तेव्हा कोटेशन हातात आल्यावर आपण काय करायचं? प्रोसेसर एकटा येत नाही. त्याच्याबरोबर चिपसेट, मदरबोर्ड आणि मेमरी येते, ती सगळी बघायची. चार प्रोसेसर किंवा शेकडो जीबी मेमरी लागणार असेल तर सर्व्हरला पर्याय नाही, तिथे वादच नको. मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार, चित्रं, खेळ यांना डेस्कटॉप उत्तम. अडचण मधल्या जागेत आहे. पतपेढीची खाती, रुग्णालयाच्या नोंदी, दहा वर्षं जपायचे दस्तऐवज. तिथे एकच प्रश्न विचारावा. एक आकडा गुपचूप बदलला तर कुणाला कळेल, आणि नुकसान कुणाचं होईल? सापडण्यासारखी चूक असेल तर स्वस्त यंत्र घ्या आणि बॅकअप नीट ठेवा. सापडणारच नाही अशी चूक असेल, तर ईसीसी असलेलंच यंत्र घ्या, मग त्यावर सर्व्हर लिहिलेलं असो वा नसो.

स्खारबेकमध्ये आकडा अशक्य होता म्हणून ताळा लागला. आपल्या खातेदाराच्या पासबुकातला आकडा बहुधा शक्यच असणार आहे. तो बरोबर आहे, या भरवशावर तो माणूस रांगेतून घरी जातो. त्याच्या वतीने ताळा कोणीतरी घेतलाच पाहिजे. तो कोण घेणार, हे यंत्र विकत घेतानाच ठरतं.