शापाची मुदत आणि वाटीभर तेल

फँटसी वाचणाऱ्यांचा एक आवडता उद्योग असतो. पुस्तक संपलं की जादूचे नियम तपासायला बसायचं. ड्रेकोने डंबलडोरच्या हातातली छडी उडवली, पुढे हॅरीने ड्रेकोच्या हातून भलतीच छडी हिसकावली, मग एल्डर वाँड हॅरीची कशी काय झाली? २००७ साली हॅरी पॉटरचा शेवटचा भाग आला तेव्हा या एका प्रश्नावर लोकांनी रात्री जागवल्या. त्याच वर्षी ब्रँडन सँडरसन या लेखकाने आपला पहिला नियम मांडला. जादूने गोष्टीतली अडचण सोडवायची असेल, तर ती जादू कशी चालते हे वाचकाला आधी समजलेलं हवं. आम्हा इंजिनियर लोकांना हे फार पटतं. स्पेसिफिकेशन आधी, डिलिव्हरी नंतर!

हे खूळ इंग्रजी पुस्तकांबरोबर आपल्याकडे आलं असं बऱ्याच जणांना वाटतं. मी मूळचा भडगावचा, म्हणजे गिरणाकाठचा. आमच्या खानदेशात हा उद्योग फार जुना आहे, आणि तो ज्याच्या नावावर सगळ्यात जास्त चालतो तो म्हणजे अश्वत्थामा.

अश्वत्थामा कपाळावर भळभळती जखम घेऊन सातपुड्यात फिरतो आणि जखमेवर घालायला तेल मागतो, हे आमच्याकडच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या बाजूला अस्तंभा नावाचं १३२५ मीटर उंचीचं शिखर आहे. भूगोलाच्या पुस्तकात सातपुड्यातली शिखरं पाठ करताना हे नाव भेटलं असेलच. धनत्रयोदशीच्या सुमाराला तिथे अस्तंबा ऋषीची यात्रा भरते. तळोद्याकडून लोक पायी डोंगर चढतात, रात्रीसुद्धा. हा अस्तंबा ऋषी म्हणजेच अश्वत्थामा. तिकडे पूर्वेला बुऱ्हाणपूरच्या पुढे असीरगड आहे. आज तो मध्य प्रदेशात असला तरी फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशचाच किल्ला, १६०१ साली अकबराने घेतला तो. गडावरच्या महादेवाला पहाटे कुणीतरी येऊन फूल वाहून जातं म्हणतात. कोण, ते सांगायला नकोच.

आता नियम बघू. ("महाभारताला फँटसी म्हणतोस?" म्हणून कृपया अंगावर येऊ नका. ग्रंथ श्रद्धेचा असो की करमणुकीचा, त्यातलं जग नियमाने चालतं का, हे दोन्हीकडे विचारता येतं.) आणि या बाबतीत महाभारताचं सौप्तिकपर्व सँडरसनलाही खूश करेल इतकं काटेकोर आहे.

युद्ध संपलंय. अश्वत्थामा रात्री पांडवांच्या छावणीत शिरून झोपलेल्यांना मारतो. धृष्टद्युम्न, शिखंडी आणि द्रौपदीची पाच पोरं. नंतर व्यासांच्या आश्रमाजवळ पांडव त्याला गाठतात तेव्हा तो गवताची काडी उचलून तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्र योजतो आणि सोडतो. उत्तर म्हणून अर्जुनही तेच अस्त्र सोडतो. आता या अस्त्राच्या अटी पाहा. ते माणसांवर वापरायचं नाही, कितीही संकट आलं तरी, अशी द्रोणाची मुलाला ताकीद होती. दोन ब्रह्मशिर एकमेकांवर आदळली तर त्या देशात बारा वर्षं पाऊस नाही. सोडलेलं अस्त्र परत घ्यायचं तर सोडणारा व्रतस्थ हवा, नाहीतर ते त्याचंच डोकं उडवतं. म्हणून मधे पडलेल्या नारद-व्यासांचं ऐकून अर्जुन आपलं अस्त्र मागे घेतो आणि अश्वत्थाम्याला ते जमत नाही. सोडायचं फंक्शन आहे, परत घ्यायचं नाही. मग तो ते पांडवस्त्रियांच्या गर्भांकडे वळवतो.

अस्त्र अमोघ आहे, म्हणजे फुकट जाणार नाही. तरी परीक्षित पुढे राजा होतो. हा लूपहोल कसा बुजवलाय? मूल मेलेलंच जन्मतं, म्हणजे अस्त्र खरं ठरलं. नंतर कृष्ण स्वतःच्या सत्याची साक्ष काढून त्याला जिवंत करतो. अस्त्राच्या वरचा नियम सत्याचा. याच अश्वत्थाम्याचा बाप एका अर्धसत्याने मारला गेला होता आणि ते बोलताच जमिनीवरून चार बोटं अधांतरी चालणारा युधिष्ठिराचा रथ खाली टेकला होता, हे आठवलं की ही सिस्टीम किती विचाराने बांधलीय ते कळतं.

आता शाप. कृष्ण त्याला तीन गोष्टी सुनावतो. एक, तू तीन हजार वर्षं पृथ्वीवर भटकशील. दोन, अंगाला पू आणि रक्ताची घाण येत, सगळ्या व्याधी घेऊन, दुर्गम रानांत राहशील. तीन, तुला सोबत मिळणार नाही, कुणाशी बोलणं होणार नाही, माणसांत तुला जागा नाही.

तीन हजार! कायमचा नाही. मग मुदत कधी संपली? चला, हिशेब मांडू. पुलकेशी दुसऱ्याच्या ऐहोळे शिलालेखात (इ.स. ६३४, ज्यात तीन महाराष्ट्रकांचाही उल्लेख आहे तोच) भारतयुद्धापासून ३७३५ वर्षं झाल्याचं लिहिलंय. म्हणजे युद्ध इ.स.पू. ३१०२ चं, आणि अश्वत्थामा सुटला इ.स.पू. १०२ च्या सुमारास, सातवाहनांच्या जमान्यात. पुण्याच्या डॉ. प. वि. वर्तकांनी युद्धाची तारीख १६ ऑक्टोबर इ.स.पू. ५५६१ अशी काढली होती. ती धरली तर त्याला मोकळा होऊन साडेचार हजार वर्षं झाली. उलट हस्तिनापूरचं उत्खनन करणाऱ्या बी. बी. लाल यांच्यासारखं युद्ध इ.स.पू. ९०० च्या आसपास ठेवलं, तर मुदत इ.स. २१०० च्या सुमाराला भरते. म्हणजे साहेब अजून नोटीस पीरियडवर आहेत. :)

गंमत म्हणजे हा हिशेब आमच्याकडे कुणी मनावर घेतलेला नाही. त्याला कारणही आहे. सकाळी म्हणायच्या सात चिरंजीवांच्या यादीत अश्वत्थाम्याचं नाव पहिलं. चिरंजीव म्हटल्यावर मुदतीचा प्रश्नच मिटला. विष्णुपुराण आणखी पुढे जातं. येणाऱ्या सावर्णी मन्वंतरात हाच द्रोणपुत्र सप्तर्षींपैकी एक असणार! शापित खुन्याला प्रमोशन. २०२४ च्या 'कल्की २८९८ एडी' सिनेमात अमिताभ बच्चनचा अश्वत्थामा हजारो वर्षं थांबलेला दिसतो, तो याच चिरंजीव शाखेतला.

जखमेचं काय? पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं खपून, शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. त्यातलं सौप्तिकपर्व ह. दा. वेलणकरांनी संपादित केलं. त्यात अश्वत्थामा डोक्यावरचा मणी काढून देतो आणि खिन्न होऊन रानात निघून जातो. मणी असा की तो धारण करणाऱ्याला शस्त्राचं, रोगाचं, भुकेचं, देवदानवांचं, चोरांचं, कशाचंच भय नाही. मणी गेला म्हणजे हे कवच गेलं, इथपर्यंत ठीक. पण तलवारीचा घाव तिथे नाहीच. तो आहे भागवतात. तिथे अर्जुन त्याला बांधून द्रौपदीपुढे आणतो. भीम म्हणतो, मारा. द्रौपदी म्हणते, सोडा, मी रडतेय तशी याची आई रडायला नको. दोन्ही अटी पाळायच्या म्हणून अर्जुन तलवारीने केसांसकट मणी कापून घेतो आणि त्याला हाकलून देतो. तीन हजार वर्षांचा शाप मात्र तिथे नाही.

म्हणजे आमच्याकडच्या अश्वत्थाम्याची भळभळती जखम हे मर्ज केलेलं व्हर्जन आहे. घाव भागवतातला, पू आणि रक्त महाभारतातलं, दुर्गम रान म्हणजे समोरचा सातपुडा, आणि आयुष्य चिरंजीवांच्या यादीतलं. मर्ज करणाऱ्यांनी सगळे धागे नीट जुळवलेत. पण एका ठिकाणी नियम चक्क मोडलाय, आणि मला तीच जागा सगळ्यात मोलाची वाटते.

शापाचं तिसरं कलम पुन्हा वाचा. कुणाशी बोलणं होणार नाही, माणसांत जागा नाही. आणि आमचा अश्वत्थामा काय करतो? माणसांजवळ येतो, तेल मागतो, लोक त्याला तेल देतात. अस्तंब्याच्या वाटेवर कुणी चुकलं तर तो वाट दाखवतो असंही सांगतात. ज्याला बोलायचीही मनाई, तो रस्ता सांगतोय! कृष्णाने घातलेलं, व्यासांनी दुजोरा दिलेलं कलम खानदेशाने गुपचूप काढून टाकलं. (तसं बघितलं तर मूळ संहितेतच एक फट आहे. शाप ऐकल्यावर अश्वत्थामा व्यासांना म्हणतो, मी तुमच्यासोबत माणसांत राहीन. ते कुणी खोडून काढत नाही.)

यात त्याला निर्दोष ठरवलेलं नाही, हे लक्षात घ्या. झोपलेल्या पोरांना मारणारा तो मारणाराच. कुठल्याही कथेत तेलाने जखम बरी होत नाही. कुणी त्याला मणी परत देत नाही, घरात घेऊन ठेवत नाही. शिक्षा चालू आहे. फक्त ती भोगणारा दारात आला तर त्याच्याशी बोलायचं आणि वाटीभर तेल द्यायचं, एवढीच सुधारणा केलीय. सुरुवात बहुधा द्रौपदीपासूनच झाली. जिची पाचही पोरं गेली, तीच भागवतात पहिल्यांदा त्याच्या आईचा विचार करते.

आपण आयटीवाले जादूचे नियम शोधतो ते बहुतेक वेळा चूक पकडायला. लेखक कुठे गंडला, कुठे सिस्टीम तुटली. त्यात मजा आहेच, मीही आत्ता तीन तारखांचा हिशेब मांडलाच की. पण एखादा नियम पिढ्यान्‌पिढ्या लोक मुद्दाम मोडत असतील, तर तो बग समजून बंद करू नये. तिथे लोकांनी काहीतरी ठरवलेलं असतं. त्यांच्या मते गुन्हेगाराला शिक्षा असावी, पण ती इतकी नसावी की त्याच्याशी कुणी बोलूही नये.

नर्मदा परिक्रमा करणारेही त्याच्या भेटीच्या गोष्टी सांगतात. तुमच्या भागातल्या अश्वत्थाम्याचे नियम वेगळे असतील तर जरूर कळवा. हिशेब पुन्हा मांडू.