तबकडीचे तुकडे

संगीताच्या इतिहासात गायकांची, घराण्यांची आणि रचनांची नोंद होते. संगीत कुठे तोडले गेले याची नोंद सहसा होत नाही. वास्तविक ध्वनिमुद्रणाचा इतिहास हा बराचसा या तोडण्याचाच इतिहास आहे.

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर विस्तारणारा ख्याल त्यात बसवायचा, तर आलाप आखडता घेणे भागच होते. लावणीची गत निराळी नव्हती. सुंदराबाई जाधवांचा आवाज तबकड्यांमुळेच आपल्यापर्यंत पोहोचला. परंतु बैठकीच्या लावणीत एकेका ओळीवर अदा करीत रेंगाळण्याची जी मुभा असते, ती तबकडीला परवडणारी नव्हती. १९४८ मध्ये लाँगप्ले तबकडी आली, १९६३ मध्ये कॅसेट. जागा वाढली, तोडणी राहिलीच. १९९६ मध्ये जपानात विक्रीला आलेल्या डीव्हीडीने दोनेक तासांचे दृश्यही सामावून घेतले आणि ‘चॅप्टर’ हा ग्रंथातला शब्द संगीताला चिकटला.

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या वरवंडमधून पाहिले, की हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा राहत नाही. जवळच चौफुल्याला कला केंद्रे आहेत, संगीतबारीची परंपरा आहे. आणि गावोगावच्या यात्रांतून तमाशा उभा राहत आला आहे. तमाशाला स्वतःचे अध्याय आहेत: गण, गवळण, बतावणी, वग. संगीतबारीत वग नसतो. तेथे फर्माईश आणि दौलतजादा यांवर कार्यक्रमाची चाल ठरते. म्हणजे दोन लावण्यांमधला अवकाश रिकामा नसतो. कोणी काय मागितले, गाणारीने काय नाकारले, ढोलकीवाल्याने वेळ कसा भरून काढला, हे सारे त्या फटीत घडते.

अशा कार्यक्रमांचे चित्रण कोणी घरच्या यंत्रावर डीव्हीडीत उतरवून ठेवले असेल, तर आज त्याची फाइल करून ठेवणे निकडीचे आहे. कारण घरी लिहिलेल्या डिस्कवरील रंगद्रव्याचा थर काळाबरोबर खराब होतो. इथेच इतिहासाचा खरा पेच पडतो. डीव्हीडीतील व्हीओबी फाइली साधारण एक जीबीला तुटतात. त्या तुटण्याचा गाण्याशी काही संबंध नसतो. चॅप्टरच्या खुणा आयएफओ फाइलींत असतात, म्हणून नुसत्या व्हीओबी उचलून ठेवल्या तर त्या खुणा हरवतात. शिवाय अनेक घरगुती रेकॉर्डर दर पाच-दहा मिनिटांनी आपोआप चॅप्टर पाडत. त्या खुणांवर विश्वासून तुकडे केले, तर एखादी लावणी अंतऱ्यात दुभंगते आणि तिची उरलेली ओळ पुढल्या फाइलीच्या माथी बसते.

आणखी एक बारकावा आहे. चित्र पुन्हा न दाबता, मूळ एमपेग-२ जसेच्या तसे ठेवून कापायचे असेल, तर काप स्वयंपूर्ण चौकटीवरच पडावा लागतो आणि तशी चौकट साधारण अर्ध्या सेकंदाने येते. ऐकायला हा अवधी क्षुल्लक; पण ढोलकीचा पहिला ठोका अर्ध्या सेकंदात सहज नाहीसा होतो. म्हणून मेकएमकेव्हीसारख्या साधनाने आधी संपूर्ण कार्यक्रम चॅप्टरच्या खुणांसह एकाच फाइलीत उतरवावा आणि ती प्रत अखंड जपावी. मग ऐकून, गण कुठे संपला आणि गवळण कुठे उभी राहिली हे पाहून, खुणा नव्याने घालाव्यात. मोबाइलवर पाठवायचे तुकडे त्या प्रतीतून हवे तितके काढता येतील. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी थोडी गडबड, थोडी शिट्टी राहिली तरी हरकत नाही.

तीन मिनिटांची सक्ती गौहर जान यांच्यावर यंत्राने लादली होती. आपल्यावर तशी सक्ती नाही. तरीही आपण फक्त गाणी राखली आणि मधली फट टाकून दिली, तर उद्याच्या अभ्यासकाला लावण्या मिळतील, बारी मिळणार नाही. फर्माईश करणारा प्रेक्षक आणि त्याला खेळवणारी कलावंत यांच्यातले नाते तेवढे इतिहासातून गळालेले असेल, आणि ते आपण आपल्याच हाताने गाळलेले असेल.