शीतयुद्धकालीन अमेरिकी निवाऱ्यांतील साहित्याचा संग्रह

अणुस्फोटानंतर खाली येणाऱ्या किरणोत्सारी धुळीपासून बचावासाठी अमेरिकेने शीतयुद्धाच्या काळात निश्चित केलेल्या सार्वजनिक निवाऱ्यांतील जुने साहित्य मिळवून जतन करणे, हा इतिहास अभ्यासक व हौशी संग्राहकांचा एक छंद आहे.

पार्श्वभूमी

बर्लिन पेचप्रसंगाच्या वेळी, २५ जुलै १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांनी नागरी संरक्षणासाठी वाढीव निधी मागितला. त्याच वर्षी देशभरातील इमारतींची पाहणी सुरू झाली. योग्य तळघरे व आतील दालने निवडून तेथे पिवळ्या-काळ्या त्रिकोणांच्या पाट्या लावण्यात आल्या.

साहित्य

निवाऱ्यातील वास्तव्य जास्तीत जास्त दोन आठवड्यांचे गृहीत धरले होते. त्यासाठी माणशी सुमारे १०,००० कॅलरींचे अन्न व साडेतीन गॅलन (सुमारे १३ लिटर) पाणी अशी तरतूद होती. अन्नात डबाबंद बिस्किटे व कडक गोळ्या असत. पाण्याचे पिंप साडेसतरा गॅलनचे, म्हणजे पाच जणांपुरते असे. रिकामे झाल्यावर ते शौचासाठी वापरायचे होते. औषधपेट्या, स्वच्छता संच व किरणोत्सारमापकही पुरवले जात.

ऱ्हास व पुनर्शोध

पुढे साठ्याचे नूतनीकरण थांबले, बिस्किटे खवट झाली आणि पुष्कळ साहित्य टाकून देण्यात आले. काही साठे मात्र विस्मरणात गेल्यामुळेच टिकले. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाखालील एका दालनात पाण्याचे पिंप, औषधे, ब्लँकेटे व सुमारे साडेतीन लाख बिस्किटे सापडली. तेथील काही खोक्यांवर १९५७ व १९६२ ही वर्षे होती. पहिल्या वर्षी स्पुटनिक अवकाशात गेला, तर दुसऱ्या वर्षी क्यूबाचा क्षेपणास्त्र पेचप्रसंग उद्भवला.

संग्राहकांसाठी दक्षता

पिवळ्या रंगाचा प्रत्येक मापक गायगर गणक नसतो. ‘सीडी व्ही-७००’ हा गायगर गणक अल्प किरणोत्सार दाखवतो. ‘सीडी व्ही-७१५’ अणुहल्ल्यानंतरच्या तीव्र किरणोत्सारासाठी बनवलेला असून तो ताशी ५०० रोंटजेनपर्यंत मोजतो. नेहमीच्या परिस्थितीत त्याचा काटा शून्यावरच राहतो. त्यावरून जागा सुरक्षित असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. ‘७००’च्या बाजूस चाचणीसाठी बसवलेला किरणोत्सारी नमुना खरवडू नये. जुने अन्न व औषधे सेवन करू नयेत. औषधपेट्यांत फेनोबार्बिटल हे नियंत्रित औषधही असे. निवाऱ्यात शिरण्यापूर्वी मालकाची परवानगी आवश्यक आहे.

ऐतिहासिक मूल्य

एकसारखे डबे देशभर हजारोंच्या संख्येने वाटले गेले होते. त्यामुळे सुटा डबा फारसे काही सांगत नाही. तो कोणत्या शाळेच्या वा कचेरीच्या तळघरात होता, तेथे किती माणसांची सोय होती आणि साठा कसा रचला होता, यांवरून त्या वस्तीची तयारी कळते. म्हणून वस्तू हलवण्यापूर्वी जागेची छायाचित्रे घेणे व खोक्यांवरील मजकूर नोंदवणे महत्त्वाचे ठरते. साठा विखुरल्यानंतर ही माहिती पुन्हा मिळवता येत नाही.