मल्हारराव गायकवाडांचीं दोन चित्रें

मुंबई ते सुएझ हा समुद्रांतील तारमार्ग १८७० सालीं सुरू झाला आणि त्याच सालीं मल्हारराव पाद्र्याच्या कैदेंतून सुटून बडोद्याच्या गादीवर आले. हा केवळ योगायोग. पण पुढें विलायतेंत त्यांची जी ख्याति झाली तींत या तारेचा वांटा थोडा नाहीं. पूर्वी संस्थानिकाचें बरेंवाईट तिकडे कळावयास आठवडे लागत. आतां जबान्यांचा सारांश एकदोन दिवसांत पोहोंचूं शके.

९ नोव्हेंबर १८७४ रोजीं रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतांत विष असल्याचें उघडकीस आलें. सोमलाबरोबर त्यांत हिऱ्याची पूडहि आढळली. १४ जानेवारी १८७५ रोजीं महाराजांस अटक झाली आणि २३ फेब्रुवारीस कमिशन बसलें. बचावासाठीं लंडनहून सार्जंट बॅलंटाईन आले. टिचबोर्न खटल्यामुळें हें नांव तिकडील वृत्तपत्रवाचकांच्या परिचयाचें होतें. मालाडवरून उत्तरेस जाणारा लोहमार्ग होऊन तेव्हां पुरीं अकरा वर्षेंहि झालीं नव्हतीं. त्याच मार्गानें मुंबईहून वकील गेले आणि बातमीदारहि गेले.

सोमल हेंच खरें विष; पण परक्या वाचकाच्या मनांत भरली ती हिऱ्याची पूड. सोमल काय, गरिबाच्या घरींहि सांपडतो! त्यांतच महाराजांनीं सोन्याच्या तोफा घडविलेल्या. फ्रेंच प्रवासी रूसले यांनीं खंडेरावांच्या दरबारचें व हत्तींच्या साठमारीचें केलेलें वर्णन पॅरिसमध्यें ग्रंथरूपानें निघालें तेंहि १८७५ सालींच. वडील बंधूंचा थाट धाकट्याच्या खात्यावर मांडला जावयास आणखी निमित्त तें काय हवें?

दुसरें चित्र बॅलंटाईन यांनीं रंगविलें : छळलेला राजा. त्यांतहि तथ्य होतें. फेअर यांस दूर करावें अशी विनंति महाराजांनीं २ नोव्हेंबरलाच व्हाइसरॉयांस केली होती. पुढें कमिशनांत तट पडले. शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव यांनीं आरोप शाबीत मानला नाहीं, तिघां इंग्रजांनीं मानला. मग आपल्याकडील पत्रांनींहि हेंच चित्र उचलून धरलें, यांत नवल नाहीं.

परंतु या दोन्ही चित्रांत रयत कोठें आहे? १८७३ सालीं कर्नल मीड यांच्या कमिशनपुढें जड साऱ्यानें गांजलेले शेतकरी आले, मालमत्ता जप्त झालेल्या पेढ्यांचे सावकार आले, आणि वाड्यांत बळेंच नेलेल्या स्त्रियांच्याहि तक्रारी आल्या. त्या तक्रारींत हिरे नव्हते. दादाभाई नवरोजी १८७४ सालीं दिवाण झाले ते दरबारच्या जुन्या खोडींशीं व फेअर यांच्या विरोधाशीं एकाच वेळीं झगडले, आणि अटकेच्या सुमारास बाहेर पडले. त्यांच्यासारख्या साक्षीदाराचा उपयोग ना राक्षसाच्या कथेस, ना हुतात्म्याच्या.

एप्रिल १८७५ मध्यें पदच्युतीचा जाहीरनामा निघाला, तेव्हां सरकारनें विषाच्या आरोपावर मुळींच भर दिला नाहीं; कारण दिलें तें दुर्वर्तनाचें व राज्यांतील अंदाधुंदीचें. म्हणजे ज्या गोष्टीसाठीं तारा खडखडल्या ती निकालांतून गळली, आणि मीड कमिशनचा रुक्ष कागद कामीं आला. खटल्याचें वर्णन ज्यांत आहे त्या बॅलंटाईन यांच्या आठवणी १८८२ सालीं निघाल्या. मल्हारराव त्याच सालीं मद्रासेस वारले.